मातेराझी म्हणजे फक्त झिदानचं डोकं का? स्टॉपर ते कोच, पूर्ण प्रवास सांगा ना कोणी

वावरातला_स्टॉपर (यवतमाळ जिल्हा)

सरळ विषयावर येतो. इटलीचा जुना डिफेंडर मार्को मातेराझी कोच म्हणून खरंच दमदार होता का २०१५ ची आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, त्याच्या चेन्नईयिन क्लबले नशिबानं भेटली? अन् त्याचा खेळाडू म्हणून पूर्ण प्रवास कोणाले माहीत असन तं जरा सविस्तर लिहा, कारण मी जिथं पाहतो तिथं त्याच्याबद्दल एकच गोष्ट सापडते, २००६ च्या वर्ल्डकपची फायनल, फ्रान्सच्या झिदाननं छातीवर डोकं मारलं अन् हा खाली पडला. त्याच्या आधी काय, नंतर काय, कोणी बोलतच नाही.

काऊन विचारून राह्यलो ते सांगतो. आमच्या गावच्या टीममध्ये एक पोट्टा आहे, स्टॉपर खेळते, म्हणजे गोलीच्या समोर मधात उभा राहणारा डिफेंडर, उंच आहे, हेडर एकदम कडक, पण डोकं गरम. तालुक्याच्या टूर्नामेंटमध्ये सेमीत समोरच्यानं काहीतरी बोललं अन् यानं त्याले ढकललं, रेफ्रीनं लाल कार्ड काढलं, बाकीची मॅच दहा जणांत खेळून आम्ही हरलो. तेव्हापासून गावातले लोक त्याले मातेराझी म्हणून चिडवतात. डोकं मारणारा तं झिदान होता, पण चिडवणाऱ्याले कोण समजावून सांगन. आता गोष्ट अशी आहे का हाच पोट्टा सकाळी सकाळी झेडपी शाळेच्या मैदानावर बारक्या पोरापोरींले फुटबॉल शिकवून राह्यला, कोणी सांगितलं नाही त्याले, स्वतःहून सुरू केलं. अन् शिकवते चांगलं. मी बाजूले उभं राहून पाहतो ना, एखादं पोरगं चुकलं तं ओरडत नाही, बाजूले घेते, पाय कुठं ठेवाचा ते स्वतः करून दाखवते, मंग पुन्हा लाईनीत पाठवते. पण काही पालक म्हणतात का असल्या तापट पोराच्या हाती लेकरं देऊ नका, एखाद्या दिवशी हात उचलन. ग्रामसभेत हा विषय निघणार आहे असं कानावर आलं.

आमच्याइकडं फुटबॉलचं असंही कोणाले पडलेलं नाही, कबड्डी अन् शंकरपट म्हटलं का अख्खं गाव गोळा होते, फुटबॉलले मैदानावरची गाजरगवत उपटाले पण आम्हीच पोट्टे. म्हणून मले ठोस काही पाहिजे बोलाले. डिफेंडर खेळलेला, लाल कार्ड खाल्लेला माणूस पुढं चांगला कोच होऊ शकते का, त्यानं ते कसं केलं, एवढं सांगा. नुसतं 'लय भारी प्लेअर होता' असं नका लिहू, ते मलेही माहीत आहे.

निळा_काळा_२३ (नागपूर)

स्टॉपर भाऊ, प्रश्न आवडला, मी इंटर मिलानचा जुना फॅन आहे, नावातच आहे, निळा काळा इंटरचा रंग अन् २३ नंबर मातेराझीचा, तो बास्केटबॉलच्या मायकल जॉर्डनचा चाहता म्हणून त्यानं हा नंबर घेतला होता. तर वेळ काढून लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे हा माणूस काही लहानपणापासून स्टार नव्हता. जन्म १९७३ चा, लेच्चे नावाचं शहर आहे इटलीच्या अगदी खालच्या टोकाला, तिथला. वडील ज्युसेप्पे मातेराझी स्वतः कोच, लाझिओसारख्या क्लबला त्यांनी कोचिंग केलं, त्यामुळे घरात फुटबॉल होता पण बापाची नोकरी म्हणजे दरवर्षी नवं गाव. त्यात आई लहान वयातच गेली. आता लोकांना वाटते का कोचचा पोरगा म्हणजे डायरेक्ट मोठ्या क्लबात घेतलं असन, तसं काही झालं नाही. वयाची विशी ओलांडली तेव्हा हा सिसिलीत मार्साला, मग ट्रापानी अशा खालच्या डिव्हिजनच्या क्लबांत खेळत होता. त्याच्याच वयाचे बाकीचे पोरं तोवर सिरी आ, म्हणजे इटलीच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये नाव कमवून बसले होते. १९९५ मध्ये पेरुजियानं घेतलं तेव्हा पेरुजिया स्वतः सिरी बी मध्ये, म्हणजे दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, अन् मधात पुन्हा कार्पीला लोनवर पाठवून दिलं. म्हणजे विचार करा, तेवीस चोवीस वर्षांचा गडी अन् क्लब म्हणतो का अजून खाली जाऊन खेळून ये.

मग १९९८ मध्ये इंग्लंडला एव्हर्टनमध्ये गेला, एकच सीझन, त्यात तीनदा लाल कार्ड. तीनदा! तुमच्या गावच्या पोट्ट्याचं तर एकच आहे ना भाऊ. इंग्लंडमधून परत पेरुजियात आला अन् तिथून खरा खेळ सुरू झाला. २०००-०१ च्या सीझनमध्ये या स्टॉपरनं सिरी आ मध्ये १२ गोल मारले. डिफेंडर असून १२! त्याआधीचा डिफेंडरचा रेकॉर्ड अर्जेंटिनाच्या पासारेलाचा होता, ११ चा, तो मोडला. पेनल्टी, फ्री किक अन् कॉर्नरवर हेडर, हे तिन्ही त्याच्याकडे होतं. उंची १९३ सेंटिमीटर, अन् डावा पाय असा का चाळीस मीटरवरचा पास पण सरळ फॉरवर्डच्या पायात. त्याला फक्त पायावर पाय देणारा आडदांड माणूस म्हणणारे लोक हे बघतच नाहीत याचा मला खरंच राग येतो.

२००१ मध्ये इंटरनं घेतला, वय २८ जवळ. तिथं २०११ पर्यंत राह्यला. पाच लीग टायटल, चार कोप्पा इटालिया (इटलीचा कप), २०१० ची चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची) अन् त्याच वर्षीचा क्लब वर्ल्डकप. पण सुरुवातीला इंटरमध्ये दुःखच होतं, ५ मे २००२ ला शेवटच्या मॅचला लाझिओकडून ४-२ हरून टायटल गेलं, तो दिवस इंटरचा माणूस विसरत नाही. एप्रिल २००७ मध्ये सिएनामध्ये इंटर २-१ नं जिंकली अन् टायटल पक्कं झालं, दोन्ही गोल मातेराझीचे. २००६ चं टायटल युव्हेंटसकडून काढून घेऊन आम्हाला कागदावर भेटलं होतं, मैदानावर जिंकलेलं १९८९ नंतरचं हे पहिलं. अन् हे मिळवून दिलं एका स्टॉपरनं.

अजून एक फोटो सर्च करून बघा, एप्रिल २००५, मिलान डर्बी, म्हणजे इंटर अन् त्याच शहरातला एसी मिलान, चॅम्पियन्स लीग, प्रेक्षकांनी मैदानात जळते फ्लेअर फेकले, मिलानचा गोली दिदाला लागला, मॅच थांबली. त्या धुरात मातेराझी मिलानच्या रुई कोस्टाच्या खांद्यावर हात टेकून उभा आहे, दोघं कट्टर विरोधी टीमचे. तापट माणूस म्हणतात ना, तोच हा.

चूक पण सांगतो, कारण ग्रामसभेत कोणी गुगल करून आणलं तर तुम्ही अडकाल. फेब्रुवारी २००४ मध्ये सिएनाच्या चिरिलो नावाच्या डिफेंडरला मॅच झाल्यावर आतल्या रस्त्यात बुक्की मारली, दोन महिने बंदी लागली. ते वाईटच होतं अन् त्याची शिक्षा त्याला मिळाली. पण त्यानंतर दोनच वर्षांनी तो वर्ल्डकप खेळायला गेला.

पंक्या_हिंगणघाट

अबे पण २००६ चं तं सांगा ना पूर्ण. झिदानच्या बहिणीबद्दल बोलला होता तो. स्वतःच कबूल केलं त्यानं नंतर. फिफानं त्याले पण दोन मॅचची बंदी अन् ५००० स्विस फ्रँक दंड केला होता, झिदानले तीन मॅच अन् ७५००. उगा हिरो नका बनवू. मी झिदानचा फॅन आहे अन् मले आजही त्रास होते, त्या माणसाची शेवटची मॅच होती ती.

निळा_काळा_२३ (नागपूर)

पंक्या भाऊ, बोलला तो बरोबर नव्हतंच, त्यात वाद नाही. पण त्या वर्ल्डकपमध्ये मातेराझीनं काय केलं ते एका ओळीत संपत नाही म्हणून लिहितो, राग मानू नका.

तो त्या टीमचा मेन स्टॉपर नव्हताच. कानावारो अन् नेस्ता ही जोडी. आता २००२ चा वर्ल्डकप आठवा, क्रोएशियासोबत नेस्ता जखमी झाला, मातेराझी आत आला अन् इटली आघाडीवर असताना २-१ हरली, सगळे त्याच्यावर तुटून पडले. त्याच मॅचमध्ये अगदी शेवटी त्यानं मारलेला लांब बॉल सरळ जाळीत गेला होता, रेफ्रीनं शर्ट ओढल्याचं सांगून तो गोल दिला नाही. चार वर्षांनी २००६, चेक रिपब्लिक, ग्रुपची शेवटची मॅच, पुन्हा नेस्ता जखमी, पुन्हा मातेराझी आत. सतराव्या मिनिटाला आला, सव्विसाव्याला कॉर्नरवर हेडर, गोल. पुढच्या मॅचला ऑस्ट्रेलियासोबत लाल कार्ड, टीम दहा जणांत, शेवटी टोट्टीच्या पेनल्टीवर वाचले. म्हणून क्वार्टर फायनल बाहेर बसला. मग जर्मनीची सेमी खेळला अन् फायनल.

९ जुलै २००६, बर्लिन. सातव्या मिनिटाला याच्याच फाऊलवर फ्रान्सला पेनल्टी, झिदाननं मारली, १-०. एखादा दुसरा असता तर तिथंच खचला असता ना, आपल्यामुळं फायनल चालली म्हणून. यानं एकोणिसाव्या मिनिटाला पिर्लोच्या कॉर्नरवर व्हिएराच्या वर उडी मारून बरोबरी केली. ११० व्या मिनिटाला ते डोकं. रेफ्री एलिझोंडोनं ते पाह्यलंच नव्हतं, बॉल दुसरीकडं होता, चौथ्या अंपायरनं सांगितल्यावर लाल कार्ड निघालं. मग पेनल्टी शूटआऊट, इटलीची दुसरी पेनल्टी मातेराझीनं मारली अन् घातली, अख्खं स्टेडियम शिट्ट्या मारत असताना. फ्रान्सच्या त्रेझेगेची बारला लागली, ग्रोसोनं शेवटची घातली, ५-३.

इटलीकडून ४१ मॅच, गोल दोनच, दोन्ही याच वर्ल्डकपचे. त्यातला एक फायनलमध्ये. एवढं सगळं केलं अन् जगाला फक्त तो पडलेला दिसतो, तुम्ही म्हणता तेच, मलाही हेच खटकतं.

पंक्या_हिंगणघाट

बरं. फाऊल करून बारा मिनिटात बरोबरी केली हे मले माहीत नव्हतं हे खरं सांगतो. झिदान तं झिदानच राह्यते पण.

संत्रा_बेल्ट (मोर्शी, आता पुणे)

कोचिंगचं मी लिहितो, कारण मी २०१५ ची सेमी प्रत्यक्ष पाह्यली आहे, बालेवाडीला. तेव्हा नुकताच पुण्यात नोकरीला लागलो होतो अन् गावाकडं कोणाला सांगितलं की मी फुटबॉल पाहाले चाललो तर घरचे म्हणायचे क्रिकेट सोडून हे काय. असो.

आधी २०१४ सांगतो. आयएसएलचं पहिलंच वर्ष, आठ टीम. चेन्नईयिन अभिषेक बच्चन अन् धोनीची. मातेराझी खेळाडू पण अन् कोच पण, वय ४१. त्याआधी २०११ नंतर तो खेळलाच नव्हता. म्हणजे कोचिंगचा पहिला अनुभव, तोही अनोळखी देशात, जिथले निम्मे खेळाडू त्याची भाषा बोलत नाहीत, मिझोरामचा जेजे, मणिपूरचे पोरं, आपला मुंबईचा जयेश राणे, ब्राझीलचा एलानो, फ्रान्सचा मेंडी अन् सिल्वेस्त्र. अन् सीझनच्या मधात कोणाला बोलावून आणलं माहिती? नेस्ताला! ज्याच्या जागेवर हा दोन वर्ल्डकपमध्ये बदली म्हणून उतरला, तोच नेस्ता रिटायर होऊन बसला होता, तो याच्या हाताखाली चेन्नईत खेळायला आला. त्याच वर्षी पुण्याच्या टीममध्ये त्रेझेगे होता बरं का, २००६ ला बारला मारलेला. बर्लिनच्या फायनलमधले दोघं आपल्या देशात एकाच लीगमध्ये.

लीगमध्ये चेन्नईयिन पहिल्या नंबरवर राह्यली. सेमीत केरळकडून कोचीला ३-० हरले, परतीच्या मॅचला चेन्नईत ३-० करून बरोबरी आणली अन् एक्स्ट्रा टाइमच्या ११७ व्या मिनिटाला पीअर्सननं गोल मारून घरी पाठवलं. असं हरल्यावर पुढच्या वर्षी टीम मोडते बहुतेक वेळा.

२०१५ मध्ये तसंच झालं सुरुवातीला. दहा मॅच झाल्या तेव्हा टीम सगळ्यात खाली, तीन जिंकल्या, एक ड्रॉ, सहा हरल्या. चार मॅच बाकी. स्टॉपर भाऊ तुम्ही नशीब म्हणालात ना, आता हे बघा, शेवटच्या चारच्या चार जिंकल्या. एखादी नशिबानं जिंकता येते, चार सलग नाही. तिसऱ्या नंबरवर येऊन सेमीत. त्यात चेन्नईत तो भयंकर पूर आला, शहरच बुडालं, म्हणून त्यांची घरची सेमी पुण्यात हलवली. म्हणजे घरची मॅच पण परक्या गावात, आपले प्रेक्षक नाहीत. समोर मागच्या वर्षीचे चॅम्पियन कोलकाता. अन् चेन्नईयिननं ३-० मारले, ब्रुनो, जेजे अन् मेंडोझा. मी स्टँडमधून जास्त वेळ मातेराझीलाच पाहत होतो खरं सांगू तर. तो बसतच नव्हता. सारखा लाईनीजवळ, हात हलवून बॅक लाईनला वर ये, मागं जा, आत ये. गोल झाला तरी आधी सेलिब्रेशनला गेलेल्या बॅकला हाताच्या खुणेनं जागेवर परत पाठवलं अन् मग स्वतः टाळ्या वाजवल्या. डिफेंडरचंच डोकं ते. परतीच्या मॅचला २-१ हरले तरी दोन्ही मॅच मिळून ४-२ नं पुढे.

फायनल २० डिसेंबर, फातोर्डा, म्हणजे गोव्याच्या मैदानावर गोव्यासोबत, समोरचा कोच साक्षात झिको. ब्रुनोनं १-०, चारच मिनिटात हाओकिपनं १-१. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेची फ्री किक, गोवा २-१. अख्खं मैदान नाचायला लागलं, संपलं सगळं असंच वाटलं. मग ९० व्या मिनिटाला गोव्याच्या गोलीच्या हातून स्वतःच्याच जाळीत, २-२, अन् इंज्युरी टाइममध्ये मेंडोझा, ३-२. मेंडोझाचे त्या सीझनला १३ गोल, सगळ्यात जास्त.

हे नुसतं आक्रमणाचं यश नाही. सगळ्यात तळाला असताना कोचवर केवढी टीका होते, मालक विचारतात, पेपर लिहितात. त्यावेळी त्यानं पोरांना चव्हाट्यावर आणलं नाही. खटल्याच्या घरात मोठा भाऊ जसं बाहेरच्याचं बोलणं स्वतः ऐकून घेते अन् घरात येऊन ज्याला जे सांगायचं ते सांगते, तसं ते होतं. मला वाटतं जो माणूस स्वतः वर्षानुवर्षं खालच्या डिव्हिजनमध्ये धूळ खाऊन आला त्यालाच हे जमतं, कारण हरणारी टीम आतून कशी असते हे त्यानं मार्सालात, ट्रापानीत पाह्यलेलं असतं.

पीटी_मॅडम_कामठी

सगळ्यांचं वाचलं, चांगलं लिहिलंय, पण दुसरी बाजू कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. मी शाळेत खेळ शिकवते, कामठीची आहे, आमच्याकडे फुटबॉल घराघरात आहे त्यामुळे थोडं स्पष्ट बोलेन.

२०१६ मध्ये हाच मातेराझी, हीच चेन्नईयिन, आठपैकी सातव्या नंबरवर. मेंडोझा गेला, एलानो गेला, अन् तळातून परत वर यायला दुसऱ्यांदा जमलं नाही. मार्च २०१७ मध्ये तो क्लब सोडून गेला अन् त्यानंतर कुठल्या मोठ्या क्लबचा मुख्य कोच म्हणून आपल्याला दिसला नाही. त्यामुळे तो महान कोच होता असं मी म्हणणार नाही. एक टायटल, एक टॉपचं लीग स्थान, एक पडलेलं वर्ष. तीन सीझनचा हिशोब एवढाच.

पण संत्रा_बेल्ट दादा, तुम्ही टायटलवर जोर दिला, मला त्याच्यापेक्षा वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. २०१५ चा लीगचा उदयोन्मुख खेळाडू कोण, तर चेन्नईयिनचा जेजे. २०१६ चा कोण, तर चेन्नईयिनचाच जेरी, तेव्हा अठरा वर्षांचा, अन् तोही डिफेंडर, लेफ्ट बॅक. म्हणजे ज्या वर्षी टीम सातवी आली त्याच वर्षी कोचनं एका पोराला रोज मैदानात उतरवलं अन् तो लीगमधला सगळ्यात चांगला नवा खेळाडू ठरला. अनिरुद्ध थापा पण त्याच वर्षी आला. मग जॉन ग्रेगरी नावाचा इंग्लिश कोच आला अन् मार्च २०१८ मध्ये बेंगळुरूला त्यांच्याच मैदानावर ३-२ हरवून चेन्नईयिन परत चॅम्पियन झाली, तेव्हा टीममध्ये जेजे, जेरी, थापा हे सगळे होते. श्रेय ग्रेगरीचंच, पण रोपं कोणी लावली हे पण बघावं लागतं. शाळेत शिकवणाऱ्या माणसाला हेच कळतं, आपण घडवलेलं पोरगं मेडल दुसऱ्याच्या हाताखाली घेतं अन् त्यात वाईट वाटायचं काही कारण नसतं.

अन् इटलीत डिफेंडरचा कोच होणं हे काही नवीन नाही. चेझारे मालदिनी घ्या, पाओलो मालदिनीचे वडील, स्वतः स्टॉपर, १९६३ मध्ये वेम्बलीवर मिलानचा कॅप्टन म्हणून युरोपियन कप उचलला. कोच म्हणून त्यांनी इटलीच्या २१ वर्षांखालच्या टीमला १९९२, १९९४ अन् १९९६ अशी लागोपाठ तीन युरो जिंकून दिल्या, त्या पोरांमधले कितीतरी पुढे मोठे झाले, कानावारो त्यातलाच, बुफॉन त्यातलाच. मग १९९८ चा वर्ल्डकप, क्वार्टर फायनलला फ्रान्सकडून पेनल्टीवर हरले. म्हणजे मोठ्यांच्या टीमपेक्षा पोरांच्या टीममध्ये त्यांचं काम जास्त मोठं आहे. स्टॉपर दादा, ग्रामसभेत सांगायला मालदिनींचं उदाहरण पण घ्या, लेकरं घडवणारा डिफेंडर म्हणून.

कानावारोचं उलट बघा. २००६ चा कॅप्टन, उंची १७६ सेंटिमीटर फक्त, स्टॉपर असून त्या वर्षीचा बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूचं बक्षीस. कोच झाला तर चीनमध्ये ग्वांगझूसोबत २०१९ ची लीग जिंकली, पण इटलीत परत येऊन बेनेव्हेंतोला फार टिकला नाही, उदिनेसेला वाचवलं, झाग्रेबला थोडे महिने, मग ऑक्टोबर २०२५ मध्ये उझबेकिस्तानचा कोच. नेस्ता फ्रोझिनोने, रेज्जाना, मोंझा अशा क्लबांत फिरला अन् मोंझा त्याच्या हातात खालच्या डिव्हिजनमध्ये गेली. म्हणजे जगातले सगळ्यात चांगले स्टॉपर पण कोच म्हणून धडपडतात. खेळता येणं वेगळं, शिकवता येणं वेगळं. तुमच्या गावच्या पोराला शिकवता येतं असं तुम्ही डोळ्यांनी पाहता, मग अर्धा प्रश्न सुटलाच की.

उरलेला अर्धा म्हणजे रागाचा. त्यावर मी पालकांच्या बाजूनं बोलेन. लेकरांच्या बाबतीत भीती वाटणं चूक नाही. त्यामुळे नुसती मातेराझीची गोष्ट सांगून थांबू नका. सकाळी सरावाच्या वेळी एखादी आई, एखादे आजोबा मैदानावर बसू द्या, आळीपाळीनं. मुली आहेत तर एक बाई माणूस हवंच. अन् पोराला विफाचा, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनचा, सगळ्यात खालच्या लेव्हलचा कोचिंग कोर्स करू द्या. त्यात लहान मुलांशी कसं वागायचं हे पण शिकवतात अन् हातात सर्टिफिकेट आलं की गावातली अर्धी तोंडं आपोआप बंद होतात. आपल्या नागपूरच्या विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन २००१ पासून जे उभं केलं ते बघा, त्यांच्याकडे आलेली पोरं काही साधीभोळी नव्हती.

वावरातला_स्टॉपर (यवतमाळ जिल्हा)

मॅडम, दादा, भाऊ, सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं भेटन असं वाटलं नव्हतं. रात्री पोट्ट्याले बोलावून पूर्ण वाचून दाखवलं. एव्हर्टनचे तीन लाल कार्ड ऐकून काही बोलला नाही, पण १२ गोलवर म्हणे का दादा, कॉर्नरले मी पण वर जात जाऊ का. मी म्हटलं जा, पण परत धावत येजो.

मॅडमचा पालकांले बसवाचा मुद्दा एकदम पटला, माझ्या डोक्यात नव्हता तो. एका पोरीच्या मायले विचारलं, ती तयार आहे, म्हणे वेचणीले जायाच्या आधी एक तास बसतो. कोर्ससाठी नागपूरले जावं लागन का यवतमाळले होते कुठं, ते पाहून सांगतो.

एकच विचारतो, पंक्या भाऊच्या मुद्द्यावर. समोरच्यानं शिवी दिली तं काय कराचं, हे बारक्या पोरांले कसं शिकवता तुम्ही लोक? आमच्याइकडच्या मॅचमध्ये शिवीशिवाय कॉर्नर होत नाही.

पंक्या_हिंगणघाट

भाऊ मी सांगतो, मी गोली आहे, शिव्या सगळ्यात जास्त आम्ही खातो, मागं प्रेक्षक उभे राह्यतात ना जाळीले टेकून. आमच्या सरांनी एक सवय लावली होती, शिवी आली का बॉलकडं पाहाचं अन् आपल्या बॅकचं नाव घेऊन जोरात हाक माराची, 'सोडू नको, मार्क कर' असं. तोंड कामाले लागते अन् उत्तर द्यायाचं राहून जाते. सरावातच कराव लागते पण, आपल्यातलेच दोन पोट्टे मुद्दाम बडबड करणारे ठेवायचे अन् बाकीच्यांनी कॉर्नर खेळाचा. मॅचमध्ये एकदम नाही जमत.

पीटी_मॅडम_कामठी

पंक्या दादांचं बरोबर आहे, फक्त बारक्यांच्या सरावात खऱ्या शिव्या नकोत, 'तुले खेळता येत नाही' एवढं पुरेसं आहे चिडवायला. अन् ज्याला राग आला त्यानं हात वर करून दोन मिनिटं स्वतःच बाहेर यायचं, कोचनं काढायचं नाही, स्वतः यायचं. मी हे मुलींच्या टीममध्ये करते, चालतं.

संत्रा_बेल्ट (मोर्शी, आता पुणे)

स्टॉपर भाऊ, ग्रामसभेच्या आधी पोरांना अन् जमलं तर पालकांना २०१५ च्या फायनलचे हायलाइट दाखवा, शाळेत प्रोजेक्टर असन तर. पूर्ण मॅच लावू नका, लेकरं कंटाळतात. ८५ व्या मिनिटापासून लावा, जोफ्रेची फ्री किक येते ना तिथून शेवटपर्यंत. अन् तुमच्या पोट्ट्याला सांगा का बॉल सोडून लाईनीजवळ उभ्या माणसाकडं बघ. मी सुट्टीत मोर्शीला आलो का एक दिवस तुमच्या मैदानावर येतो, जुने पण चांगले चार पाच बॉल पडले आहेत आमच्या ऑफिसच्या टीमचे, ते घेऊन येतो.

वावरातला_स्टॉपर (यवतमाळ जिल्हा)

या ना दादा, केव्हाही या. बॉल चार नंबरचे असतील तं पहिले ते आणजा, बारक्यांले पाच नंबरचा जड जाते. प्रोजेक्टरचं गुरुजींले विचारतो उद्याच.